शेवट कोणाचा?

माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळी सुट्टीत एका पहाटे मी नमाजसाठी उठले, तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर बसलेला दिसला. रात्रभर झोपला नव्हता. डोळे लाल. काय झाले विचारले तर म्हणाला, "आपा, ती मेली. मी सगळं बरोबर केलं होतं, तरी मेली. हा अन्याय आहे."

'ती' म्हणजे व्हिडिओ गेममधली एक बाई. मी रागावणारच होते, पण 'अन्याय' या शब्दापाशी अडखळले. गणिताची रीत बरोबर असूनही गुण कापले की माझ्या वर्गातली मुले हाच शब्द वापरतात. मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले आणि म्हटले, "सांग, कोण होती ती?"

तिचे नाव कार्लॅक. 'बाल्डर्स गेट ३' हा खेळ बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला. त्यात खेळणाऱ्याबरोबर काही साथीदार प्रवास करतात, त्यांतली ही एक. ज्याच्या चाकरीत ती होती, त्यानेच तिला नरकातल्या एका सरदारणीला विकले. तिचे काळीज काढून छातीत धगधगते इंजिन बसवले गेले आणि दहा वर्षे तिला नरकातल्या युद्धात लढवले गेले. तिथून ती सुटून येते. पण अंग इतके तापलेले, की कोणाला मिठी मारली तर समोरचा भाजेल. खेळणारा शोधाशोध करून खास लोखंड मिळवतो, लोहार ते इंजिनात बसवतो आणि तिला पुन्हा दुसऱ्याचा हात हातात घेता येतो. मात्र तोच लोहार सांगतो, की हे इंजिन नरकाबाहेर फार काळ टिकणार नाही. शेवटी वाटा तीनच उरतात : जळून जाणे, ज्या नरकातून सुटली तिथेच परतणे, नाहीतर स्वतःचे शरीर टाकून एका भलत्याच प्राण्याचे रूप घेणे. बरी होऊन या जगात राहण्याची वाट खेळात ठेवलेलीच नाही.

अशी तक्रार पुष्कळांनी केली. कंपनीने त्याच ऑगस्टच्या अखेरीस तिच्या नरकात परतण्याच्या प्रसंगात भर घातली, नोव्हेंबरमध्ये सहा महिन्यांनंतरचा एक मेळावाही जोडला. पण 'ती बरी झाली' असा सरळ शेवट दिला नाही.

आता प्रश्न असा, की हा अन्याय आहे का? कादंबरीतली नायिका मेली तर आपण रडतो, पण लेखकाला अन्यायी म्हणत नाही. १९९७ च्या 'फायनल फँटसी ७' या जपानी खेळात एरिथ नावाची मुलगी अचानक मारली जाते. खेळणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. लोक हळहळले, तिला जिवंत करण्याच्या खोट्या युक्त्याही तोंडोतोंडी पसरल्या. तरी ते दुःखच होते. फसवणूक नव्हती. निवड हातात दिली की गोष्ट बदलते. निवड म्हणजे एक वायदा असतो : तुझ्या करण्याने फरक पडेल.

हा वायदा पुरेपूर पाळणारे खेळही आहेत. २०१० च्या 'मास इफेक्ट २' मध्ये शेवटची मोहीम जीवघेणी आहे. पण जहाज नीट सज्ज केले, साथीदारांची अडलेली कामे मार्गी लावली, योग्य कामावर योग्य माणूस नेमला, तर सगळे जिवंत परत येतात. माझ्या भावाला हा न्याय वाटतो. मला यात एक धोका दिसतो. इथे जो मेला, तो कोणाच्या तरी चुकीने मेला असा अर्थ निघतो. मयतीला आलेले नातेवाईक हेच तर सुनावतात : "वेळेवर मुंबईला हलवलं असतं तर..."

याउलट २०१२ चा 'द वॉकिंग डेड'. त्यात दोघांपैकी एकालाच वाचवता येते आणि ज्याला वाचवले, तोही पुढे गोळी लागून मरतो. नायक लीला चावा बसतो. हात कापा किंवा ठेवा, तो वाचत नाही. मग निवडीला अर्थ काय? अर्थ इतकाच, की त्याने सांभाळलेल्या लहान क्लेमेंटाइनला शेवटी काय सांगून जायचे, हे खेळणाऱ्याच्या हातात राहते. मरण टळत नाही, निरोप कसा घ्यायचा हे ठरवता येते. उर्दूत आपण तकदीर आणि इख्तियार असे दोन शब्द वापरतो. या खेळात दोघांच्या हद्दी स्पष्ट दिसतात.

म्हणून मला वाटते, मरण लिहिले म्हणून कथा अन्यायी ठरत नाही. खोटी आशा विकली तर ठरते. कार्लॅकच्या बाबतीत लोहाराने खरे आधीच सांगितले होते. आपणच ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

पण त्या पहाटे मला खरे टोचले ते वेगळेच. भाऊ सांगत होता, "मी पुढच्या वेळी तिला नरकात परत जायला राजी करीन. निदान जगेल तरी." मी विचारले, "तिला काय हवंय?" तो गप्प झाला. कारण ती स्वतः सांगत असते, की पुन्हा तिथे जाण्यापेक्षा मेलेले बरे. मरायची तिला हौस नाही. ती चिडते, रडते, जगायचे आहे म्हणते. पण तिथे नाही.

दोन वर्षांपूर्वी अब्बांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, हृदयही साथ देत नव्हते. डॉक्टरांनी आम्हाला काहीही लपवून ठेवले नाही. अब्बा एकच म्हणत होते, "मला घरी न्या." आम्ही भावंडांनी त्यांना सहा दिवस आयसीयूत ठेवले. सर्वांत जास्त हट्ट याच भावाचा, आणि त्याला साथ माझी. सातव्या दिवशी नळ्यांच्या गर्दीत ते गेले. भेटायला दिवसातून दहा मिनिटे मिळत. भावाचे तसे लाल डोळे मी तेव्हा पाहिले होते.

आम्ही वाईट वागलो असे मी म्हणत नाही. प्रेमच होते ते. पण निवड आमच्या हातात आली, तेव्हा शेवट कोणाचा आहे हे आम्ही विसरलो. सोबत करणाऱ्याला आपल्या मेहनतीचे फळ हवे असते. जाणाऱ्याला कधी कधी फक्त सोबत हवी असते. या दोन मागण्या एक नाहीत. त्या एकच आहेत असे समजणे, हाच जाणाऱ्यावरचा मोठा अन्याय.

मी हे भावाला सांगितले नाही. त्यालाही ते कळले असावे. कॉम्प्युटर बंद करून तो म्हणाला, "आपा, त्यात तिच्याजवळ नुसतं थांबून राहायचाही एक पर्याय होता. मी तो निवडलाच नव्हता."