काही निघालं नाही

तासगाव तालुक्यातल्या त्या घरात दोन गोष्टींवर कधी वाद होत नसे. द्राक्षबागेची छाटणी कधी धरायची ते थोरला मुलगा ठरवायचा आणि गरोदर बाईच्या अंगाचं काय ते आक्का सांगायच्या. आक्का म्हणजे घरातल्या सासूबाई. गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. बाळंतिणीला तेल लावावं तर आक्कांनी, तान्ह्याची टाळू भरावी तर आक्कांनी. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. चोळीचा खण मात्र हक्कानं मागून घ्यायच्या.

धाकटी सून शिवणकाम करायची. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. सणाच्या तोंडावर मशीनला उसंत नव्हती आणि तिला सातवा महिना लागलेला. पहिलटकरीण. गुरुवारचं डोहाळजेवण ठरलं होतं, हिरवी साडी आली होती, फुलांचे दागिने कुणी करायचे यावर नणंदांचं भांडणही होऊन गेलं होतं.

शुक्रवारपासून तिची डावी पोटरी दुखायला लागली. आधी वाटलं, मशीनचा पायटा मारून भरून आली असेल. शनिवारी पाय जड झाला. रविवारी सकाळी उठली तर सूज तशीच. आजवर संध्याकाळी पाय सुजायचे, पण दोन्ही सुजायचे, आणि रात्री उशीवर ठेवले की सकाळपर्यंत उतरायचे. ही सूज एकाच पायाला होती आणि झोपून उतरत नव्हती. पायाला हात लावला तर तो दुसऱ्यापेक्षा ऊनही लागत होता.

आक्कांनी तिळाचं तेल कोमट करायला ठेवलं. "सातव्या महिन्यात पाय सुजायचं न्हाईत तर कवा सुजायचं? वात धरलाय. दोन येळा रगडून चोळलं की मोकळा हुतोय बघ."

सून काही बोलली नाही. मशीनच्या खणातला टेप काढला, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं सोडून उजव्या पोटरीला गुंडाळला. साडेबारा इंच. मग तितक्याच जागी डाव्या पोटरीला. पावणेचौदा. तिनं पुन्हा मोजलं, कारण गिऱ्हाइकाचं मापही ती दोनदा घेते. सव्वा इंचाचा फरक. ब्लाऊजच्या बाहीत एवढा फरक आला असता तर तिनं अख्खी बाही उसवली असती.

"आत्या, आज तेल नको," ती म्हणाली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि सासूला 'नको' म्हणायची ही तिची पहिलीच वेळ.

तिनं आशाताईंना फोन केला. आशाताई आल्या, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले. "काय झालंय ते मी सांगू शकत नाही. ते माझं कामच नाही. पण एकाच पायाची सूज मला बरी वाटत नाही. चोळू नका आणि आजच्या आज दाखवा." रविवारची संध्याकाळ. आक्कांनी तेलाचं भांडं उतरवलं आणि त्या देवघरात जाऊन बसल्या. राग आला की त्या तिथंच बसायच्या.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पाय बघितला, मापं विचारली, आणि मापं आधीच घेतलेली आहेत म्हटल्यावर त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. पायातल्या खोल शिरेत रक्ताची गाठ झाली असावी, असा संशय आहे, त्या म्हणाल्या. नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही. गाठीसाठी रक्ताची एक तपासणी असते, डी-डायमर. पण गरोदरपणात तो आकडा एरवीही चढलेलाच असतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नाही. पायाची डॉपलर सोनोग्राफी करायला हवी. ती उद्या सकाळी, मिरजेला.

"आणि तोवर?" नवऱ्यानं विचारलं.

"तोवर इंजेक्शन. रक्त पातळ ठेवणारं. आत्ता लगेच."

इथं थोरले दीर मध्ये पडले. माणूस वाईट नाही, पण हिशेबी. "मॅडम, रोग अजून ठरलाच नाही. मग औषध कशाचं?"

प्रश्न रास्त होता. तुम्हीआम्ही तिथं असतो तर हेच विचारलं असतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, बाग आहे का. आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "छाटणीनंतर आभाळ भरून आलं, दोन दिवस झिमझिम लागली, तर डाऊनीचे डाग पानावर दिसेपर्यंत थांबता का फवारायचं?"

थोरले दीर गप्प झाले. डाऊनीचा डाग दिसल्यावर फवारणाऱ्याचं काय होतं ते त्यांनी एका हंगामात अख्ख्या एकरावर बघितलं होतं.

मग बाईंनी सविस्तर सांगितलं. बाळंतपणात रक्तस्राव होतो, म्हणून शरीर आधीपासूनच रक्त लवकर गोठेल अशी तयारी करतं. एरवीपेक्षा गरोदर बाईला गाठ होण्याचा धोका चार-पाच पट असतो. तरी हजार गरोदर बायांत एखाद-दुसरीलाच ती होते, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण झालीच, आणि पायातून सुटून फुप्फुसात जाऊन अडकली, तर मग वेळ मिळत नाही. म्हणून खात्री होईपर्यंत औषध चालू ठेवायचं आणि गाठ नाही असं ठरलं की बंद करायचं. रात्रीत अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन पडली, तर कुणाला विचारत न बसता १०८ ला फोन करायचा.

डावा पायच का, तेही त्यांनी केसपेपरच्या मागं रेघा मारून दाखवलं. उजव्या पायाकडे जाणारी मोठी रोहिणी डाव्या पायाकडून वर येणाऱ्या शिरेवरून आडवी जाते, त्यात वाढत्या गर्भाचा भार. डाव्या पायातलं रक्त वर चढताना तिथं आधीच अडखळतं. गरोदर बाईला पायात गाठ झाली, तर दहांत आठ-नऊ वेळा ती डावीकडेच असते.

वजन करून मात्रा ठरली. इंजेक्शन पोटावर द्यायचं म्हटल्यावर नवऱ्याचा चेहरा उतरला. नर्सनं बेंबीपासून लांब, बाजूची कातडी चिमटीत धरली. "सुई चरबीत जाते हो, बाळापर्यंत नाही. औषधही वारेतून पलीकडे जात नाही." भरून आलेली सिरिंज, तिच्यात हवेचा एक बुडबुडा. तो काढायचा नाही, असं तिनं सांगितलं. सुई काढल्यावर सून सवयीनं ती जागा चोळायला गेली, तर नर्सनं हात धरला. "चोळायचं नाही. काळंनिळं पडेल."

ती रात्र लांबली. सून डाव्या कुशीवर पडून आपलाच श्वास ऐकत होती. जिना चढल्यावर लागतो तो दम सातव्या महिन्याचा की गाठीचा, हे कसं ओळखायचं? बाळानं लाथ मारली की बरं वाटायचं, थांबलं की पुन्हा मनात तेच. घरात कुणी गाठ हा शब्द उच्चारत नव्हतं. आक्का बोलत नव्हत्या, पण झोपल्याही नव्हत्या. मध्यरात्री त्या उठून आल्या आणि सुनेच्या पायथ्याशी बसल्या. तिच्या पायाला मात्र त्यांनी हात लावला नाही. आयुष्यभर दुखणं हातानं काढणाऱ्या बाईला नुसतं बसून राहणं किती अवघड गेलं असेल, ते मला त्यांच्या जागी बसल्याशिवाय कळणार नाही.

मिरज सतारीसाठी प्रसिद्ध आहे तशी दवाखान्यांसाठीही. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून आजूबाजूचे जिल्हेच काय, कर्नाटकातली माणसंही तिथं येतात. सोमवारी सकाळी ही मंडळी एका सोनोग्राफी केंद्राच्या बाकावर होती. भिंतीवर गर्भलिंगनिदान केलं जात नाही, अशी पाटी. आक्काही आल्या होत्या, कुणी बोलावलं नसताना.

तपासणी साधी होती. जांघेत, मांडीवर, गुडघ्यामागं थंडगार जेली लावून डॉक्टर एकेका जागी यंत्राची मूठ दाबत होते. मोकळी शीर दाबली की चपटी होऊन पडद्यावरून नाहीशी होते. आत गाठ असली तर दबत नाही. सुनेची प्रत्येक शीर दबत होती. आक्का पडद्याकडे टक लावून बघत होत्या. बोटानं नाडी बघणाऱ्या बाईला ती भाषा कळली असावी.

"शीर मोकळी आहे," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येताच थोरले दीर हसले. आक्कांनी हात जोडले आणि लगेच म्हणाल्या, "म्या काय म्हणत हुते? वातच."

पण गरोदरपणाच्या डॉक्टरांनी कागद बघून वेगळंच सांगितलं. इंजेक्शन बंद. मात्र लक्षणं जोरदार आहेत, आणि पोटातली वरची शीर या यंत्राला नीट दिसत नाही. पोटरीतली गाठ लहान असली तर पहिल्या दिवशी निसटू शकते. म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा डॉपलर, आणि सातव्या दिवशी आणखी एकदा.

तिसरा दिवस म्हणजे गुरुवार. डोहाळजेवणाचा.

घरात त्यावर जे झालं ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. बायकांना आमंत्रणं गेली होती. 'काही निघालं नाही तरी परत कशाला' हे वाक्य प्रत्येकानं आपापल्या परीनं म्हणून घेतलं. सुनेनं एवढंच सांगितलं की सकाळी जाऊन दुपारी चारपर्यंत येते, ओटी संध्याकाळी भरा. त्याप्रमाणे ती गेली आणि आली. गुरुवारीही शीर मोकळीच होती. हिरव्या साडीत पाटावर बसल्यावर समोरच्या घरातल्या काकूंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, नुसत्या पाय दुखण्याला दोन-दोनदा मिरज?" बायका हसल्या. सूनही हसली. दुसरं काय करणार? पोटावर इंजेक्शनचा निळा डाग होता, तो साडीखाली होता.

सातव्या दिवशी आक्का पुन्हा बरोबर गेल्या. शीर मोकळी. सूजही उतरत आली होती. मग नक्की काय झालं होतं? डॉक्टर म्हणाले, पोटरीचा स्नायू ताणला असावा. अशा संशयानं तपासलेल्या बहुतेक गरोदर बायांच्या शिरा मोकळ्याच निघतात. तासातासाला मशीनवरून उठायचं, चार पावलं चालायचं, पाणी भरपूर प्यायचं. निघताना आक्का दारात थांबल्या.

"डाक्टर, मग म्या चोळलं असतं तर काय झालं असतं?"

"काही झालं नसतं," डॉक्टर म्हणाले. "पाय कदाचित बराही वाटला असता. पण गाठ नव्हती हे आपल्याला आज कळलंय, आक्का. त्या रविवारी ते मला ठाऊक नव्हतं, आणि तुम्हालाही नव्हतं."

आक्का घरापर्यंत बोलल्या नाहीत. सुनेला दिवस भरल्यावर मुलगी झाली. बाळंतपण सरळ झालं, आणि मिरजेच्या फेऱ्या घरात थट्टेचा विषय होऊन राहिल्या. त्या थट्टेत आक्काही असायच्या.

उन्हाळ्यात, बेदाण्याच्या शेडवर राबता चालू असताना, समोरच्या काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आली. सिझेरियन झालं. बाराव्या दिवशी काकू आक्कांना बोलवायला आल्या: पोरीचा पाय ठणकतोय, जरा हात फिरवा. आक्का तेलाची वाटी घेऊन गेल्या. पोरगी खाटेवर होती. आक्कांनी तिची साडी गुडघ्यापर्यंत सारली, दोन्ही पाय जवळजवळ ठेवले, बराच वेळ बघितलं. मग दारातूनच सुनेला हाक मारली, "टेप घिऊन ये गं!"

पावणेदोन इंच.

"म्या चोळायची न्हाय," आक्का म्हणाल्या. "गाडी बोलवा."

काकू चिडल्या. ओल्या बाळंतिणीला उन्हातान्हात कुठं न्यायचं? "आणि आक्का, तुमच्या सुनेचं तर काहीच निघालं नव्हतं की!"

"न्हवतं निघालं. ते कळायला आम्हाला आठ दिस लागलं, तीनदा मिरजेला जावं लागलं. तू हितं चुलीपाशी बसून कसं सांगतीयास?"

सुनेनं तोवर फोन लावलाही होता. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे हे गरोदरपणापेक्षाही जास्त धोक्याचे, त्यात सिझेरियन, एवढं तिला त्या आठवड्यात ऐकून पाठ झालं होतं.

या वेळी मांडीतली शीर दबली नाही.

पोरगी आठवडाभर दवाखान्यात होती आणि मग इंजेक्शनं घेऊन घरी आली. निदान तीन महिने चालवायची, अंगावर पाजायला त्याची आडकाठी नाही. सुई घरीच टोचायची, सकाळ-संध्याकाळ. काकूंचे हात कापत, पोरीला सुईकडे बघवत नसे. शेवटी आक्कांनी नर्सकडून शिकून घेतलं. रोज सकाळी सातला त्या समोर जातात, कातडी चिमटीत धरतात आणि काकूंना बजावतात:

"बुडबुडा काढू नगं. आन् सुई निघाल्यावर चोळायचं न्हाय, सांगून ठिवते."