आपलेपणा आणि जगण्याचा अर्थ

जगणे अर्थपूर्ण वाटते ते विचारांती की संगतीने? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यांचा आत्महत्येवरील ग्रंथ (१८९७) संगतीच्या बाजूने कौल देतो: समाजाशी असलेला बंध सैल झाला की जगण्याची कारणेही निसटू लागतात. वारीत हेच दिसते: आळंदीहून पंढरपूरला निघालेला वारकरी सहसा सुटा नसतो, तो एखाद्या दिंडीचा असतो. दिंडीला क्रमांक असतो, पालखीच्या रथापुढे किंवा रथामागे ठरलेली जागा असते, विणेकरी असतो. वाटेत भेटेल तो ‘माउली’. आपण कोण, याचे उत्तर त्या जागेतूनच मिळते. प्रवचनातून ते मिळेलच असे नाही.

मात्र समूह अर्थ देतो तसा नाकारतोही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्यांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराबाहेर, पायरीपाशी आहे. दलितांना मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. तरीही चोखोबांचे जगणे अर्थहीन झाले नाही. द्युरकेमच्या मांडणीत हे सहज बसत नाही. पण संगत तिथेही होती: गावाने दूर ठेवलेल्या त्यांच्या घरात पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका हे सारेच अभंग रचत होते, आणि संतमेळा त्यांना आपले म्हणत होता.