अस्वल आणि सत्यनारायण

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला वाईट सवयी परवडत नाहीत, असा एक समज आहे. मला एक आहे. फुटपाथवरची जुनी पुस्तकं विकत घेणं. मागे एकदा हुतात्मा चौकाजवळ मी 20 रुपयांना एक इंग्रजी पुस्तिका घेतली. मुखपृष्ठ गेलेलं, पानापानावर कुणाच्या तरी कॉफीच्या कपाचे गोल उमटलेले आणि विषय काय, तर अमेरिकेतले ट्रकवाले एकमेकांशी रेडिओवर बोलताना वापरत ते सांकेतिक शब्द!

"आपल्याकडे ट्रक आहे का?" आमच्या सौभाग्यवतींनी पुस्तिका चिमटीत धरून विचारलं.

"नाही."

"रेडिओ?"

"होता. बिघडला."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्या आत गेल्या. ह्या 'मग ठीक आहे'चा अर्थ मी गेली 18 वर्षं लावतो आहे. त्यामानाने ट्रकवाल्यांची भाषा म्हणजे पहिलीचं पुस्तक निघालं.

आता हा रेडिओ म्हणजे विविधभारती नव्हे. ह्याचं नाव सिटिझन्स बँड, लाडकं नाव सीबी. अमेरिकन सरकारने 1958 साली 27 मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा सामान्य नागरिकांना बोलाचालीसाठी मोकळा करून दिला. आधी त्यात 23 चॅनल होते, 1977 पासून 40 झाले. ड्रायव्हरशेजारी एक पेटी, तिला लोंबणारा मायक्रोफोन, ताकद 4 वॉट. म्हणजे आवाज जाणार फार तर काही मैल. पण ट्रकवाल्याला तेवढाच पुरे. त्याला पुढच्या वळणापलीकडचं तर हवं असतं! ट्रकवाल्यांचा अड्डा 19 नंबरवर, आणि 9 नंबर अपघात-आणीबाणीसाठी राखून ठेवलेला. शिवाय एक मोठी सोय अशी की, एक जण बोलत असेपर्यंत बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. ही सोय आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत आणता आली तर मी स्वखर्चाने 40 चॅनल बसवून देईन.

रेडिओ वापरायला लायसन लागत असे. ते 1983 साली रद्द झालं, पण त्याआधीही पुष्कळांनी ते काढण्याचे कष्ट घेतलेच नव्हते. सरकारी नंबराऐवजी जो तो एक टोपणनाव घेई. त्याला म्हणायचे 'हँडल'. खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही हे वेड अंगावर घेतलं आणि 'फर्स्ट मामा' असं हँडल धारण केलं. इथे मामा म्हणजे आई. आपला मामा पुढे येतोच आहे. मीही घरात विचारून पाहिलं, माझं हँडल काय असावं? चिरंजीवांनी क्षणाचाही विलंब न लावता 'कुंभकर्ण' सुचवलं. विषय तिथेच थांबला.

ही भाषा ऐन भरात आली ती 1973 नंतर. त्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं. अमेरिकेत डिझेल महागलं आणि वर मिळेनासं झालं. डिसेंबरात चिडलेल्या ट्रकवाल्यांनी पेनसिल्व्हेनिया, ओहायो अशा राज्यांत हमरस्त्यांवर ट्रक उभे करून रस्ते अडवले. हा निरोप एका ट्रकमधून दुसऱ्यात गेला तो ह्याच रेडिओवरून. त्यातच इंधन वाचवण्यासाठी जानेवारी 1974 मध्ये निक्सनसाहेबांनी कायद्यावर सही केली, देशभर ताशी 55 मैलांच्या वर कुणी जायचं नाही. म्हणजे आपले 88 किलोमीटर. बऱ्याच ट्रकवाल्यांना पैसे मिळत ते मैलांवर. वेग कमी म्हणजे मैल कमी, मैल कमी म्हणजे डॉलर कमी, आणि ट्रकच्या कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच. हप्ता हा शब्द आला की माझ्यातला बँकवाला हळवा होतो. मला त्यांची बाजू लगेच पटली.

मग त्यांनी काय केलं? पोलीस कुठे दबा धरून बसलेत ते एकमेकांना कळवायला सुरुवात केली. तिथल्या राज्य-पोलिसांची रुंद काठाची टोपी वणवा-प्रतिबंधाच्या जाहिरातीतल्या 'स्मोकी' नावाच्या अस्वलासारखी दिसते. हे अस्वल 1944 पासून अमेरिकेत घरोघरी माहीत. म्हणून पोलीस झाला 'स्मोकी', नाहीतर नुसतं 'अस्वल'. विमानातून वेग मोजणारा पोलीस म्हणजे 'हवेतलं अस्वल'. दंड भरणं म्हणजे 'अस्वलांना खाऊ घालणं'. 55 मैलांची मर्यादा म्हणजे 'डबल निकल', कारण निकल म्हणजे 5 सेंटचं नाणं. दोन पाच शेजारी ठेवा, झाले 55. माल तोलायचा सरकारी काटा म्हणजे 'कोंबड्यांचं खुराडं'. ट्रकांचा तांडा निघाला की पुढच्याने झाडं हलवायची, मागच्याने पाला गोळा करायचा, म्हणजे दोघांनी अस्वलांवर नजर ठेवायची. मधले मात्र 'झुलत्या खुर्चीत'. आमच्या शाखेत ह्या खुर्चीत कोण कोण बसतं ते मी सांगणार नाही. हा लेख तेही वाचतील.

'ऐकलं, समजलं' ह्यासाठी त्यांचा शब्द 'टेन-फोर'. गंमत पाहा, हा शब्द मूळचा पोलिसांचा. पोलिसांच्या रेडिओसाठी तयार केलेले आकडे ट्रकवाल्यांनी उचलले आणि पोलिसांच्याच विरुद्ध वापरले. पोलीस तरी काय कमी? त्यांनीही गाड्यांत सीबी बसवले आणि निवांत ऐकत बसले. म्हणजे हे गुपित आई-वडिलांसमोर च-ची भाषा बोलणाऱ्या पोरांइतकंच गुप्त होतं.

इथपर्यंत मी नुसता हसत वाचत होतो. मग 'मगर' आली.

रस्त्यावर फुटलेल्या टायरचा लांबलचक तुकडा पडलेला असतो ना, त्याला ते मगर म्हणतात. चाकाखाली आला तर उसळून गाडीचा कुठला भाग फाडील सांगता येत नाही. तेव्हा एकच माणूस, एकाच आवाजात, एकाच चॅनलवर सांगणार, डाव्या बाजूला मगर आहे, सांभाळ. आणि पुढे पुलाखाली अस्वल आहे, सांभाळ. मगर आणि अस्वल. दोन्ही जनावरं, दोन्हींपासून जपायचं. पण एकीपासून वाचवणं म्हणजे माणसाचा जीव वाचवणं, आणि दुसऱ्यापासून वाचवणं म्हणजे कायदा मोडणाऱ्याला पाठीशी घालणं. ही दोन कामं एकच आहेत का? भाषा म्हणते, एकच आहेत.

आपणही काही वेगळे नाही. आपल्याकडे त्याला अस्वल न म्हणता मामा म्हणतात, एवढंच. नातं जवळचं, पण टाळायचंच. समोरून येणाऱ्या गाडीने दिव्यांची उघडझाप केली की आपण हेल्मेट, पट्टा, वेग, सगळं एका क्षणात शास्त्रशुद्ध करतो आणि त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात दुवा देतो. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवणारी करपल्लवी तर आपल्याकडे कितीतरी जुनी. चार लोकांचं एकमेकांवाचून भागत नसलं, की त्यांची एक भाषा होतेच.

आमच्याही बँकेत होती. आता कबुलीजबाब देतो. बँकेचं नाव विचारू नका.

साल 2006. मी तालुक्याच्या गावी होतो. वरिष्ठ कार्यालयातून अचानक तपासणी येत असे. अचानक म्हणजे, पहिल्या शाखेपुरती अचानक. साहेब आमच्याकडून निघून रिक्षात बसले की मी शेजारच्या गावच्या शाखेत फोन करायचा, "आमचा सत्यनारायण आटोपला. प्रसाद तुमच्याकडे निघालाय." पलीकडे माझा मित्र रोखपाल. तो म्हणायचा, "चौरंग मांडतो." हे आमचं टेन-फोर. मेमो म्हणजे पंचामृत. ह्या भाषेचा आम्हांला केवढा अभिमान! साहेबांसमोर फोनवर बोललो तरी साहेब म्हणत, "फार धार्मिक शाखा आहे तुमची."

माझा तो मित्र चौरंग खरोखरच मांडत होता. घरच्या अडचणीत त्याने गल्ल्यातली काही हजारांची रक्कम उचलली होती. पगार झाला की भरायची ह्या बोलीवर. बोली त्याची त्याच्याशीच. त्यांच्या शाखेत संध्याकाळी साहेब बंडलं मोजत, बंडलातल्या नोटा मोजत नसत. नोटा मोजत ते तपासणीवाले. माझा फोन गेला की मित्र बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून तेवढे पैसे आणून बंडलं पुरी करी, आणि तपासणी संपली की परत नेऊन देई. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा रोकड पैशापैशाला जुळली. तिन्ही वेळा भगदाड आधीपेक्षा मोठं होतं.

चौथ्या वेळी साहेब उलट्या बाजूने आले. आधी त्यांची शाखा, मग आमची. फोन करायला कुणी नव्हतं. तोवर रक्कम लाखांत गेली होती. नोकरी गेली, खटला झाला, राहतं घर विकून भरणा केला.

नंतर एकदा त्याची बायको आमच्या घरी आली. भांडायला नव्हे. चहासुद्धा घेतला. जाताना उंबऱ्यापाशी थांबून एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुम्हांला माहीत होतं का हो?"

"नाही, वहिनी," मी म्हटलं.

हे खरं होतं. मला माहीत नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं. पहिल्याच वेळी मी फोन केला नसता, तर तो काही हजारांवर पकडला गेला असता. शिक्षा झाली असती, तोंड काळं झालं असतं. पण काही हजार कसेबसे भरता येतात, आणि घर तरी राहिलं असतं. मी त्याला तीनदा वाचवलं, म्हणून तो बुडाला.

ती पुस्तिका वाचताना मला माझाच दोष छापील सापडला. अस्वल न्यायी आहे की अन्यायी, असं कुणी विचारत नाही. अस्वल दिसलं की पळायचं. सत्यनारायण कशासाठी, असंही कुणी विचारत नाही. एकदा तपासणीला प्रसाद म्हटलं आणि कायद्याला अस्वल म्हटलं, की 'का' हा प्रश्न भाषेतून गळूनच पडतो. आमच्या त्या भाषेत 'निघाले' होतं, 'पोचले' होतं, 'सांभाळ' होतं. 'तुझं सगळं ठीक आहे ना?' एवढ्याला मात्र शब्द नव्हता.

आता कुणी म्हणेल, 55 मैलांचा कायदा काही फार शहाणा नव्हता. नसेलही. लोकांनी तो मनापासून कधी पाळला नाही आणि 1995 साली देशाने तो काढूनही टाकला. पण 1973 साली अमेरिकेत रस्त्यांवर 54,052 माणसं मेली होती, 1974 साली 45,196. तेल नव्हतं म्हणून लोक फिरलेही कमी, हे मान्य. तरी त्या 9 हजारांतले काही तरी त्या अस्वलाच्या खात्यावर जमा करावे लागतील. मी बँकेतला माणूस आहे. जमेची बाजू लपवता येत नाही.

आणि खर्चाची बाजूही. ज्या ट्रकवाल्याने अस्वलाची खबर दिली, तोच बर्फाळलेल्या पुलाची, उलटलेल्या गाडीचीही देत होता. 9 नंबरवर कान लावून बसणारे स्वयंसेवक होते, आणि त्यांची 'रिॲक्ट' ही संघटना तर 1962 पासूनची. तोंड न पाहिलेल्या माणसाला "चकचकीत बाजू वर आणि तेलकट बाजू खाली ठेव" असा निरोप देण्याची त्यांची रीत होती. म्हणजे, बाबा रे, उलटू नकोस. इतका प्रेमळ निरोप मला आमच्या शाखेत निवृत्तीच्या समारंभातसुद्धा ऐकायला मिळालेला नाही.

मग करावं काय? गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून येत होतो. समोरच्या टेम्पोने दिवे उघडमिट केले.

"मामा असतील हो," सौभाग्यवती म्हणाल्या, "पट्टा लावा." मी लावला. वेगही कमी केला. वळण घेतलं तर मामा नव्हतेच. अर्ध्या रस्त्यावर दरड आली होती. आमचा नेहमीचा वेग असता तर हा लेख दुसऱ्या कुणाला तरी लिहावा लागला असता.

आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग त्याच म्हणाल्या, "मगर होती."

पुस्तिका त्यांनीही वाचली होती तर! मग ठीक आहे.

पुढे गेल्यावर समोरून गाड्या येऊ लागल्या. मीही दिवे उघडमिट करत राहिलो. मगर असेल तेव्हा ओरडून सांगायचं, ह्यात मला आता शंका नाही. अस्वल असेल तेव्हा मात्र जरा थांबून आधी तो एक प्रश्न विचारायचा. घाटातल्या अनोळखी माणसाला तो विचारता येत नाही. शेजारच्या शाखेतल्या मित्राला येतो.

एका गाडीतल्या गृहस्थांनी माझे दिवे बघून घाईघाईने पट्टा ओढून लावलेला मला स्पष्ट दिसला. त्यांना वाटलं, पुढे मामा आहेत.

वाटू दे.