रकान्याबाहेरचे

गेल्या मे महिन्यात नात पुण्याहून बेळगावला सुट्टीला आली, ती माझ्यासाठी दोन कुत्री घेऊनच. खरी नव्हेत, तिच्या संगणकातल्या खेळातली. आमच्या सौभाग्यवतींनी हे कळल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. घरात केस पडणार नव्हते की दारातल्या चपला कुरतडल्या जाणार नव्हत्या.

खेळ साधा होता. शून्यापासून कुत्र्यांचा एक वंश उभा करायचा. नामांकित घराण्यातली जोडी विकत घेतली तर लवकर पुढे जाता येते, पण नात म्हणाली, "आबा, त्यात मजा नाही. काही नसताना सुरुवात करा." मग मी सर्वांत स्वस्त नर-मादी घेतली. त्यांच्या वंशवेलीचे आज्या-पणज्याचे चौकोन रिकामे होते. प्रत्येक पिल्लाला एक पत्रक असे: उंची, रंग, धाव, कान, डोळे, स्वभाव. एकतीस वर्षे शाळेत हजेरीपट आणि प्रगतिपुस्तके भरलेला मी माणूस. रकाने दिसले की माझा हात शिवशिवतो. नात परत गेली, तरी मी खेळतच राहिलो.

श्वानगृहात जागा दहाच. एका वेतात पाच-सहा पिल्ले आली की जुन्यांपैकी किंवा नव्यांपैकी काहींना निरोप द्यावा लागे. त्यासाठी एक बटण होते. ते दाबले की पिल्लू नाहीसे होई. रडणे नाही, ओरडणे नाही. पहिल्या वेळी बोट जरा अडखळले. दहाव्या वेळी अडखळले नाही.

पाचव्या पिढीत एक नवा आकडा दिसू लागला, तो रक्तातल्या जवळिकीचा. प्रत्येक जीव एकेका जनुकाची एक प्रत आईकडून घेतो, एक बापाकडून. या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असण्याची शक्यता म्हणजे हा आकडा. सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत तो २५ टक्के, सावत्र भावंडांच्या पिल्लांत १२.५, आणि चुलत-मामे-आते भावंडांच्या पिल्लांत ६.२५. हवा तो गुण लवकर पक्का करायचा तर रक्त जवळ आणावे लागते. पण त्याबरोबर दडून बसलेला दोषही उघडा पडतो.

खऱ्या कुत्र्यांच्या जगात हे फार महाग पडले आहे. लंडनच्या केनेल क्लबची स्थापना १८७३ सालची. वंशाच्या वह्या नीट ठेवल्या गेल्या, आणि वह्या बंद झाल्या तशा जातीही आतल्या आत फिरू लागल्या. २००८ मध्ये बीबीसीने यावर एक माहितीपट दाखवला, मोठा गदारोळ झाला, आणि २००९ पासून सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या, आई-लेकाच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंद क्लबने बंद केली. ठिपक्यांच्या डाल्मेशियन जातीत तर मूत्रात युरिक आम्ल साठण्याचा दोष शुद्ध वंशातल्या सगळ्याच कुत्र्यांत मुरला होता. निरोगी जनुक जातीत उरलेच नव्हते. ते १९७३ मध्ये पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याकडून बाहेरून आणावे लागले. त्या वंशातल्या पिल्लांना अमेरिकन क्लबने पूर्ण मान्यता दिली ती २०११ मध्ये. औषध सापडले होते. शुद्धतेची वही उघडायला मात्र अडतीस वर्षे लागली.

आपल्या शेजारच्या मुधोळचे कुत्रे सर्वांना ठाऊक आहेत. घोरपडे संस्थानिकांनी त्यांना नावारूपाला आणले, २००५ मध्ये टपाल तिकिटावरही ते झळकले. पण त्याआधी ते धनगरांचे, शिकाऱ्यांचे कुत्रे होते. त्यांच्याकडे पत्रक नव्हते. सशामागे धावतो की नाही, एवढा एकच रकाना. म्हणजे निवड तिथेही होतीच. निवडीवाचून कोणतीही जात उभी राहत नाही, हे मान्य केले पाहिजे. आजारी कुत्र्याचा वंश वाढवू नये, यात तर दयाच आहे.

मग माझे कुठे चुकत होते? खेळातल्या पिल्लाला दुखत नाही. बुद्धिबळात प्यादे मारले म्हणून कुणी प्रायश्चित्त घेत नाही. नातीला फोनवर विचारले तर ती हसून म्हणाली, "अहो आबा, ती खरी कुठे आहेत?" तिचे बरोबर होते. मीही हेच म्हणत होतो, सहाव्या पिढीपर्यंत.

सहाव्या पिढीत एक पिल्लू आले, धावेत सर्वांत पुढे. पण कानाच्या रकान्यात लिहिले होते, 'जन्मतः बहिरे'. मी बटण दाबले. त्याच वेळी माझा धाकटा भाऊ माझ्या खुर्चीमागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. तो जन्मतः बहिरा आहे.

आमच्या वडिलांनी मामाची मुलगी केली होती. या भागात, मराठी घर असो की कानडी, यात कुणाला वावगे वाटत नसे. म्हणजे आम्हा भावंडांचा आकडा ६.२५. भावाचे बहिरेपण त्यातूनच आले असे कोणत्याही डॉक्टरांनी खात्रीने सांगितले नाही. नात्याबाहेरच्या लग्नांतही अशी मुले जन्मतात, आणि नात्यातल्या बहुतेक लग्नांतून मुले धडधाकट होतात. भाऊ घड्याळे दुरुस्त करतो. टिकटिक त्याला ऐकू येत नाही, ती बोटाच्या टोकाला कळते. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा रात्री त्यांची हाक त्याला ऐकू येणार नव्हती, म्हणून त्याने एक दोरी घेतली. एक टोक त्यांच्या मनगटाला, दुसरे आपल्या. सात महिने तो तसा झोपला. आम्ही ऐकू येणारे शेजारच्या खोलीत गाढ झोपत होतो.

पण मला त्या दिवशी आठवले ते वेगळेच. १९७४ मध्ये माझ्या लग्नाच्या बोलण्यासाठी मुलीकडची माणसे घर बघायला येणार होती. वडीलधाऱ्यांनी ठरवले की धाकट्याला दोन दिवस खानापूरला मावशीकडे पाठवावे. उगाच प्रश्न नकोत. त्याला एसटीत बसवून आलो तो मीच. ते बटण मी पूर्वी एकदा दाबले होते, आणि तेव्हा समोर चित्र नव्हते.

तेव्हापासून मला एक भेद दिसू लागला आहे. एखाद्याचा वंश पुढे न्यावा की नाही, हा एक प्रश्न. त्याने घरात असावे की नाही, हा दुसरा. पहिला कधीकधी शहाणपणाचा असतो. दुसरा विचारण्याचा अधिकारच मुळात आपल्याला नाही. खेळाने हे दोन्ही प्रश्न एका बटणात घातले होते, आणि सवयीने मला ते एकच वाटू लागले होते. पिल्लू खोटे होते हे खरे. पण निवडणारी नजर माझी होती, आणि ती खेळ बंद केल्यावर संगणकात राहत नाही. स्थळे बघताना, शाळेत वर्ग पाडताना, कुणाची भाषा शुद्ध आणि कुणाची सीमेवरची हे ठरवताना तीच नजर माझ्याबरोबर हिंडलेली आहे.

खेळ मी सोडला नाही. पुढच्या वेतात पुन्हा एक बहिरे पिल्लू आले. ते ठेवले आहे. त्याचा वंश वाढवत नाही. पण दहातली एक जागा त्याची. नात म्हणते, "आबा, जागा वाया घालवताय, तुमचा क्रमांक खाली चाललाय." चालला आहे खरा.

आणि भावाला मी पाटीवर लिहून विचारले, खानापूरला का पाठवले होते ते तुला माहीत होते का? त्याने माझ्याकडे बघितले, मान हलवली, माहीत होते अशी खूण केली आणि भिंग डोळ्याला लावून पुन्हा घड्याळात डोके घातले. त्या मान हलवण्यात क्षमा होती की नाही, हे मला कळले नाही. पुन्हा विचारायचा धीर अजून झालेला नाही.