शिकवताना मिळालेला आनंद कोणाच्या खात्यात?



आजचं वाचन: गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२. देश, काळ, पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं दान सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा जड मनाने दिलेलं राजस. अनादराने, नको तिथे दिलेलं तामस.

हे वाचताना मला कंबोडिया आठवतो. दोन नोकऱ्यांच्या मधले तीन महिने मी सिएम रीपजवळच्या एका गावात मुलांना इंग्रजी शिकवलं, बिनपगारी. अंगकोर वाट जवळच, त्यामुळे तिथे इंग्रजी आलं की हॉटेलात, गाइड म्हणून काम मिळतं. मुलं मला 'क्रू' म्हणायची. ख्मेर भाषेतला हा शब्द आपल्या 'गुरु'वरूनच आलाय. शाळेलाही ते 'साला' म्हणतात. ख्मेरमध्ये शब्दाच्या शेवटी 'स' उच्चारत नाहीत, म्हणून 'राइस'चं 'राइ' व्हायचं. एका मुलीच्या तोंडून तो 'स' पहिल्यांदा स्पष्ट आला, तेव्हाचा आनंद मला कुठल्याच अप्रेझलने दिलेला नाही.

मग एवढं मिळालं, तर ते दान निष्काम कसं?

मला वाटतं, आनंद होणं हा दोष नाही. तो न मागता येतो. बघायचं एवढंच, की आपण निर्णय कोणाकडे बघून घेतो. दोन आठवडे येऊन, फोटो काढून, मुलांना लळा लावून जाणाऱ्याचा आनंदही खराच असतो. पण तो गेल्यावर नवा क्रू येतो आणि मुलं पुन्हा ए-बी-सी-डीवर. कंबोडियातल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात; परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर अशा संस्था वाढत गेल्या. देणाऱ्याला समाधान मिळावं म्हणून लेकराने घरापासून लांब राहायचं, याला सात्त्विक कसं म्हणायचं?

'देश, काळ, पात्र' याचा अर्थ मला तिथे कळला. गावातल्या बाई कायम तिथेच राहणार होत्या. म्हणून शेवटचा महिना त्या शिकवायच्या आणि मी मागच्या बाकावर बसून उच्चारांपुरती मदत करायचो. आमच्या भाषेत, हँडओव्हर. मुलं माझ्याकडे कमी आणि बाईंकडे जास्त बघू लागली. मनाला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू! पण फळ सोडणं म्हणतात ते बहुतेक हेच.

आज एखादी सेवा करत असाल तर स्वतःला विचारा: उद्या मी नसलो, तर यातलं काय चालू राहील?

उद्या श्लोक २३. राम कृष्ण हरी!