सोबतिणीचा धर्म

अलीकडच्या काळांत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांतून स्त्रियांचा एक नवा व्यवसाय दिसूं लागला आहे. गर्भवती स्त्रीला शेवटच्या महिन्यांत भेटत राहावें, कळा सुरू झाल्या म्हणजे तिच्याजवळ जाऊन बसावें, मूल जन्मून अंगावर पिऊं लागेपर्यंत तिला सोडून जाऊं नये, आणि या सर्व काळांत औषधोपचारांस मात्र हात लावूं नये, असें या व्यवसायाचें स्वरूप आहे. ही स्त्री डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे, सुईणही नव्हे. पाठ चोळणें, घोटभर पाणी देणें, कूस बदलण्यास आधार देणें, आणि डॉक्टर जें बोलून गेले त्याचा अर्थ सोप्या शब्दांत सांगणें, एवढेंच तिचें काम. तिला ‘डूला’ म्हणतात. शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ दासी असा आहे. अमेरिकेंतील मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनीं १९७३ सालीं स्तनपानावरील आपल्या ग्रंथांत नव्या मातेची काळजी वाहणाऱ्या स्त्रीस उद्देशून तो योजिला, आणि पुढें तो जगभर गेला. मराठींत आम्ही तिला सोबतीण म्हणूं.

हा व्यवसाय पाहून आमच्या पिढींतील पुष्कळांना प्रथम हसूं येतें. आई, मावशी, काकू यांच्या मायेनें जें सहज होत असे, त्यासाठीं आतां पैसे मोजून परकें माणूस आणावें काय, असें ते विचारतात. परंतु या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक अधिक गंभीर प्रश्न दडलेला आहे, आणि आमच्या मतें खरा विचार त्याचाच करावयास हवा. वेदनेंत असलेल्या मनुष्याचा स्वतःच्या देहावरील अधिकार त्या वेदनेमुळें कमी होतो काय? आणि होत नसेल, तर ज्या घटकेस तिला नीट बोलतांही येत नाहीं त्या घटकेस तो अधिकार राखावा कोणीं?

प्रारंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुन्या बाळंतपणाचें गुणगान करण्याचा आमचा हेतु नाहीं. पहिलें बाळंतपण माहेरीं, कळा येऊं लागतांच सुईणीला बोलावणें, उशाशीं आई आणि पायथ्याशीं मावशी, या रीतींत सोबत होती यांत शंका नाहीं. परंतु त्याच रीतींत काळोखी कोंदट खोली होती, न उकळलेलीं हत्यारें होतीं, आणि मूल आडवें आलें तर देवावर हवाला ठेवण्यापलीकडे बहुधा उपाय नव्हता. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलें; पुढें अमेरिकेंत १८८६ सालीं वैद्यकाची पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. त्याआधीं १८८२ सालीं पुण्यास हंटर आयोगापुढें साक्ष देतांना पंडिता रमाबाईंनीं स्त्री-डॉक्टरांची मागणी केली होती. पुरुष वैद्यापुढें संकोच वाटून बायका हकनाक मरतात, हें त्यांचें दुःख होतें.

त्या काळापासून आपण किती दूर आलों हें आकडेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीप्रमाणें २००५-०६ सालीं भारतांत शंभरांपैकीं सुमारें ३९ बाळंतपणें रुग्णालयांत किंवा आरोग्यकेंद्रांत होत असत. २०१९-२१ च्या पाहणींत हें प्रमाण ८९ च्या घरांत गेलें. लाख जिवंत जन्मांमागें २००४-०६ या काळांत २५४ माता दगावत; २०१८-२० मध्यें ती संख्या ९७ वर आली. ज्या डॉक्टरांनीं, परिचारिकांनीं आणि गांवोगांवच्या आशा कार्यकर्त्यांनीं हें साधलें त्यांचें ऋण मान्य केल्यावांचून या विषयावर एक अक्षरही लिहिणें कृतघ्नपणाचें होईल.

तथापि रुग्णालयाच्या दारांतून आंत जातांना एक गोष्ट बाहेर राहिली. आई, बहीण, नवरा ही मंडळी बाहेरच्या बाकावर बसलीं, आणि आयुष्यांतील सर्वांत कठीण घटकेस ती स्त्री अनोळखी माणसांत एकटी पडली. गर्दीच्या प्रसूतिकक्षांत एक परिचारिका किती जणींकडे पाहणार? थकलेल्या माणसाच्या तोंडून मग दरडावणें निघतें, कधीं हातही उगारला जातो. विचारल्यावांचून तपासणी होते, सांगितल्यावांचून छेद घेतला जातो. हा दोष एकट्या आपल्या देशाचा नव्हे. व्हेनेझुएलानें २००७ सालीं प्रसूतिकाळांतील अशा वागणुकीला कायद्यानें हिंसा ठरविलें, आणि २०१४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेला प्रसूतिगृहांतील अनादर व छळ थांबविण्यासाठीं निवेदन काढावें लागलें.

या एकटेपणाचा परिणाम केवळ मनावर होतो असें नाहीं. १९८० सालीं ग्वाटेमालांतील एका रुग्णालयांत पहिलटकरणींवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कांहीं जणींजवळ, पूर्वीं कधीं न पाहिलेली अशी एक साधी स्त्री सतत बसविली होती. बाकीच्या त्या रुग्णालयाच्या नेहमींच्या रीतीप्रमाणें एकट्या होत्या. ज्यांची प्रसूति निर्विघ्न झाली त्यांच्यापुरतें पाहतां, एकटीला दाखल झाल्यापासून सरासरी १९ तासांहून अधिक लागले, सोबत असलेलीला ९ तासांहूनही कमी. या तुलनेंतील स्त्रिया थोड्या होत्या, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारूं नये. पुढें २०१७ सालीं १७ देशांतील, १५,००० हून अधिक स्त्रियांवरील प्रयोगांचें एकत्र परीक्षण झालें, तेव्हां वेळेंतील फरक बराच लहान दिसला. परंतु सतत सोबत असल्यास नैसर्गिक प्रसूतीचें प्रमाण वाढतें, शस्त्रक्रिया कमी होतात, आणि आपल्या बाळंतपणाविषयीं मनांत कडवटपणा राहिलेल्या स्त्रियाही कमी आढळतात, हा निष्कर्ष कायम राहिला.

आम्हांस मात्र यांपैकीं सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील १९९१ चा अभ्यास. त्यांत पहिलटकरणींचे तीन गट होते. एका गटाजवळ सोबतीण होती. दुसऱ्या गटाच्या खोलींत एक स्त्री नुसती नोंदी करीत बसली होती, तिनें प्रसूत होणाऱ्या स्त्रीशीं शब्दही बोलावयाचा नव्हता. तिसऱ्या गटाजवळ कोणीच नव्हतें. तिसऱ्या गटांत शंभरांपैकीं १८ जणींचें पोट चिरावें लागलें, सोबतीण असलेल्या गटांत ८ जणींचें. आणि मुक्या नोंदकर्तीच्या गटांत? तेथें १३. जिनें हात धरला नाहीं कीं धीर दिला नाहीं, तिच्या नुसत्या असण्यानें हा फरक पडला असेल, तर त्याचें कारण काय असावें? कोणी आपल्याकडे पाहत आहे या जाणिवेनें त्या स्त्रीची भीति ओसरली असेल, किंवा खोलींत साक्षीदार आहे या जाणिवेनें उपचार करणाऱ्यांचे हातही थोडे सावकाश चालले असतील. कारण कोणतेंही असो, प्रसूतिगृहांत साक्षी असणें हीच एक शक्ति आहे, असा त्यावरून आम्ही तर्क करतों.

परंतु येथें थांबून एक भेद केला पाहिजे. एखादी गोष्ट हितकर आहे म्हणून ती द्यावी, असें म्हणणें वेगळें. आणि ती तिची आहे म्हणून द्यावी, असें म्हणणें वेगळें. उद्यां एखाद्या प्रयोगांत सोबतीचा कांहींच लाभ आढळला नाहीं, तर त्या स्त्रीला पुन्हा एकटें पाडावें काय? आम्ही म्हणतों, नाहीं. जिच्या देहांत हें घडत आहे तिला, पुढें काय करणार हें सांगितलें जाण्याचा, तिचें मत विचारलें जाण्याचा, आणि ऐनवेळीं आपलें माणूस जवळ असण्याचा अधिकार आहे, तो तिच्या मनुष्यत्वामुळें. त्याला तासांच्या हिशेबाची गरज नाहीं.

न्यायानेंही हेंच तत्त्व उचलून धरलें आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढें २००८ सालीं जें प्रकरण आलें तें प्रसूतीचें नव्हतें, पण स्त्रीदेहाचेंच होतें. तपासणीसाठीं भूल दिलेल्या एका प्रौढ स्त्रीचें गर्भाशय, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमति घेऊन, काढून टाकण्यात आलें होतें. जीव वांचविण्याची तातडी नसतां, शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय करूं शकणाऱ्या स्त्रीच्या वतीनें आईचीही संमति चालत नाहीं, असा निर्णय न्यायालयानें दिला. इंग्लंडांत १९९८ सालीं तेथील अपील न्यायालयानें याहून पुढें जाऊन, बुद्धि शाबूत असलेल्या गर्भवतीवर तिच्या मर्जीविरुद्ध शस्त्रक्रिया करतां येत नाहीं, मग तिच्या वा गर्भाच्या जिवाला धोका कां असेना, असें ठरविलें.

हें दुसरें तत्त्व पुष्कळ वाचकांना कठोर वाटेल, आणि तें आहेही. पोटांतील मुलाचा कैवार कोणीं घ्यावयाचा, हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. परंतु अनुभव असा आहे कीं, नीट समजावून सांगितल्यावर मुलाच्या जिवाविषयीं आईहून अधिक काळजी क्वचितच कोणाला असते. बहुतेक नकार हे न समजल्याचे किंवा विश्वास न उरल्याचे नकार असतात. खऱ्या आणीबाणींतही ‘बाळाचे ठोके मंदावले आहेत, लगेच शस्त्रक्रिया करावी लागेल, करूं ना?’ एवढें विचारण्यास अर्धें मिनिटही लागत नाहीं. आणि प्रत्येक घाई आणीबाणीचीच असते असें नाहीं. २०१९-२१ च्या पाहणींत सरकारी रुग्णालयांत शंभरांपैकीं सुमारें १४, तर खाजगी रुग्णालयांत सुमारें ४७ बाळंतपणें शस्त्रक्रियेनें झालीं. हा सर्व फरक स्त्रियांच्या प्रकृतींतील आहे, असें मानणें कठीण आहे.

मग या अधिकाराचें रक्षण करणाऱ्या सोबतिणीचा धर्म कोणता? तिनें डॉक्टरांशीं भांडावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शेजारीं वाद पेटला म्हणजे कळा देणाऱ्या स्त्रीची उरलीसुरली शांतिही जाते. तिनें तिच्या वतीनें उत्तर द्यावें काय? तेंही नाहीं, कारण मग नवऱ्याच्या आणि सासूच्या जागीं आणखी एक मालक आला, इतकेंच होईल. तिनें एवढेंच करावें कीं, प्रश्न त्या स्त्रीपर्यंत पोंचूं द्यावा आणि तिचें उत्तर खोलींतील सर्वांना ऐकूं येऊं द्यावें. ‘डॉक्टर, ती विचारते आहे, थोडें थांबलें तर चालेल काय?’ या एका वाक्यांत तिचें बहुतेक कर्तव्य येतें.

आणि सोबतिणीच्या स्वतःच्या मतांचाही जुलूम होऊं शकतो, हें विसरूं नये. औषधावांचून, शस्त्रावांचून झालेलें तेंच खरें बाळंतपण, असा आग्रह धरणारे लोक आज आहेत. एडिंबरोच्या सिम्प्सननें १८४७ सालीं प्रसूतींत क्लोरोफॉर्म वापरला तेव्हां वेदना ही ईश्वराचीच आज्ञा आहे असें म्हणणारेही होते. १८५३ सालीं राणी व्हिक्टोरियानें स्वतः तो घेतल्यावर ती कुजबुज पुष्कळ कमी झाली. ईश्वराच्या जागीं आतां निसर्गाचें नांव घातल्यानें आग्रहाचें स्वरूप बदलत नाहीं. कळा असह्य होऊन जी स्त्री वेदनाशामक मागते ती कोणत्याही कसोटीस कमी उतरत नाहीं. आपली मतें दाराबाहेर ठेवून आंत जाणें, हा सोबतिणीच्या धर्मांतील सर्वांत कठीण भाग आहे. दासी या मूळ अर्थांत आम्हांस जर कांहीं ग्राह्य वाटत असेल, तर तें हेंच.

राहिला पैशाचा प्रश्न. माया विकत घेतां येत नाहीं हें खरें. पण शिक्षिका वेतन घेते म्हणून तिचें शिकविणें खोटें ठरत नाहीं, तसेंच याही कष्टांचें आहे. आमची खंत वेगळी आहे. जिला सोबतिणीची सर्वांत अधिक गरज, ती गरीब, पहिलटकरीण, परगांवाहून पोट भरण्यास आलेली स्त्री सोबतिणीचें वेतन कोठून देणार? जो अधिकार केवळ ऐपतदारांस विकत मिळतो त्याला अधिकार म्हणतां येत नाहीं. या दृष्टीनें केंद्र सरकारनें २०१६ सालीं सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळीं सोबतीस मुभा दिली, आणि २०१७ पासूनच्या ‘लक्ष्य’ उपक्रमांत आदरपूर्वक वागणूक हें प्रसूतिकक्षाच्या गुणवत्तेचें अंग मानलें, हें फार मोलाचें पाऊल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही प्रत्येक स्त्रीला तिच्या पसंतीची सोबत असावी, असें म्हटलें आहे. पण दोन खाटांमध्यें पडदाही नसलेल्या कक्षांत सोबतीला उभें राहावयास जागा हवी, आणि ती जागा पैसा खर्च करून बांधावी लागते. नुसत्या परिपत्रकानें ती होत नाहीं.

हा लेख ज्या घरांत वाचला जाईल तेथील वडील मंडळींस शेवटीं एक विनंति आहे. घरांत सून किंवा लेक गरोदर असली म्हणजे रुग्णालय कोणतें, खोली कोणती, डोहाळजेवण केव्हां, बारशाला कोण कोण, हें सर्व आपण ठरवितों. त्याआधीं तिला एकांतांत एवढें विचारावें कीं, त्या वेळीं तुझ्याजवळ कोण असावें असें तुला वाटतें? ती आईचें नांव घेईल, नवऱ्याचें घेईल, मैत्रिणीचें घेईल, किंवा एखाद्या परक्या सोबतिणीचें घेईल. आपलें नांव तिनें घेतलें नाहीं, तरी मनाला लावून घेऊं नये. आणि तिनें जें नांव घेतलें असेल तें आठवड्याभरांत डॉक्टरांच्या कानांवर घालावें.