कात्री कोणावर?

अमेरिकेत पॅसिफिक महासागराच्या काठी ऑरेगन नावाचे राज्य आहे. तेथे १९८७ साली सात वर्षांचा एक मुलगा रक्ताच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळला होता. अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हाच काय तो उपाय उरला होता. खर्च सुमारे एक लाख डॉलर. गरिबांच्या उपचारांसाठी तेथे 'मेडिकेड' ही सरकारी योजना आहे. परंतु त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने अंदाजपत्रकाचा मेळ घालताना बहुतेक प्रत्यारोपणांचा खर्च तिच्यातून वगळला होता. कुटुंबाने लोकांपुढे झोळी पसरली. सत्तर हजारांच्या आसपास डॉलर जमले. उरलेले जमण्यापूर्वीच, डिसेंबरात, मुलगा देवाघरी गेला.

ही हकीकत ऐकून कोणाचेही मन संतापेल. पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. वाचवलेला पैसा कोणी खिशात घातला नव्हता. त्यातून गर्भवती स्त्रियांच्या तपासणीसारख्या मूलभूत सेवा सुमारे दीड हजार गरिबांपर्यंत पोहोचवायच्या होत्या. प्रत्यारोपणे दोन वर्षांत फार तर तीस-पस्तीस झाली असती. राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष जॉन किट्झहॅबर हे स्वतः डॉक्टर. त्यांनी निर्णयाचे जाहीर समर्थन केले. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा की, साध्या उपचारांअभावीही माणसे दगावतात. फक्त त्यांची नावे कोणाला कळत नाहीत.

हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येत नाही. आपल्या धर्मग्रामात एखाद्या रुग्णासाठी मदतीचे आवाहन झाले, की आपला हात आपसूक खिशाकडे जातो. परंतु सरकारी दवाखान्यात औषध नाही, परिचारिका नाही, म्हणून आपण कितीदा आवाज उठवतो? चेहरा दिसला की दया जागी होते. ज्यांचे चेहरे दिसत नाहीत, त्यांना न्यायाचाच आधार असतो.

ऑरेगनने तो न्याय शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, हेही नमूद केले पाहिजे. १९८९ च्या कायद्याने ठरले की, माणसे वगळायची नाहीत, उपचार वगळायचे. सर्व उपचारांची क्रमवारी लावायची, पैसा पुरेल तेथे रेघ ओढायची आणि रेघेवरील उपचार दारिद्र्यरेषेखालील सर्वांना द्यायचे. १९९४ साली योजना सुरू झाली, तेव्हा ६९६ पैकी ५६५ व्या क्रमांकाखाली रेघ ओढली गेली. लाखाहून अधिक नव्या लोकांना उपचारांची हमी मिळाली.

मात्र ही क्रमवारी लावण्यापूर्वी ज्या जाहीर सभा भरल्या, त्यांना आलेले बहुतेक लोक सुशिक्षित व विमा असलेले होते. रेघेची झळ ज्यांना लागणार होती, ते तेथे थोडेच होते. पुढे मंदी आली. २००३ साली पुन्हा कात्री चालली, हप्त्यांचे नियम कडक झाले आणि हजारो गरीब योजनेबाहेर फेकले गेले. २००८ साली जेमतेम दहा हजार जागा निघाल्या. त्यांसाठी जवळजवळ नव्वद हजार लोकांनी नावे नोंदवली. राज्याने चिठ्ठ्या टाकून निवड केली. माणसे वगळणार नाही, हे वचन अखेर चिठ्ठीवर येऊन ठेपले!

मग आजारी मूल वाचवावे की गर्भवती माता, या प्रश्नाचे उत्तर काय? मला वाटते, येथे प्रश्नच अपुरा आहे. गरिबांच्या आरोग्याच्या पेटीत किती पैसा ठेवायचा, हे आधीच कोणीतरी ठरवलेले असते. सुस्थितांच्या पानातले काही कमी न करता दोन गरिबांना एकाच भाकरीपुढे बसवायचे आणि त्यांच्यातील निवडीला कठोर वास्तव म्हणायचे, ही न्यायाची रीत नव्हे. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९८६ साली आर्थिक न्यायावर एक पत्र प्रसिद्ध केले. आर्थिक निर्णयांची पारख गरिबांवर होणाऱ्या परिणामावरून करावी, असे त्यात आग्रहाने सांगितले होते. पुढच्याच वर्षी ऑरेगनमध्ये त्या कसोटीची वेळ आली.

काटकसर कधी कधी अटळ असते, हे घर चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण टंचाईच्या दिवसांत ज्या घरात आधी आजारी लेकराचे दूध तोडतात आणि थोरल्यांचे पान तसेच भरलेले राहते, त्या घराला आपण काय म्हणतो? राज्याला तरी वेगळा न्याय का लावावा?